उंबऱ्याबाहेरून सांगितलेला पासवर्ड

“तितंच थांब. आत यायचं न्हाई. तिथून सांग, पुतण्या दाबील.”

आबा असं म्हणाले तेव्हा माझा एक पाय उचललेला होता. तो मी खाली ठेवला. उंबऱ्याच्या बाहेर.

आबा म्हणजे तेलगावकडच्या एका शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांचे भाऊ. कारभार सगळा त्यांच्याच हातात. मी बीडहून एसटीनं आलतो, सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला. शाळा-कॉलेजचं रजिस्टर आणि दाखले ठेवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी विकायची. फ्लॉप्यांचे दिवस होते. त्या संस्थेत मी पहिल्यांदाच गेलतो. आबांनी चहा सांगितला, गाव विचारलं. तलवाडा, म्हणालो. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. चहा काही आला नाही.

“पूजा मांडलीय आत,” ते म्हणाले. “अजून उठवली न्हाई.”

पूजा होतीच. दारातून दिसत होती. खंडेनवमीला त्यांनी कॉम्प्युटरही पूजेला लावलेला. पूजेतल्या अवजाराला त्या दिवशी काम द्यायचं नसतं, म्हणून चालू मशीनचा मेन स्विचच बंद केलेला. मॉनिटरला झेंडूचा हार. समोर ताटात बॅकअपच्या फ्लॉप्या एकावर एक रचलेल्या, त्यांच्यावर ओलं हळदी-कुंकू. मनोभावे केलं होतं सगळं. पण चालू मशीनची वीज अशी तोडली की डिस्क बिघडते आणि कुंकू आत उतरलं की फ्लॉपी मेली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दसरा झाल्यावर मशीन चालू केलं तर ते अर्ध्यातच अडलं. त्याला आमच्या कंपनीचा पासवर्ड पाहिजे होता आणि डिस्क तपासून पाहिजे होती. साधं काम. मी खुर्चीत बसलो असतो तर अर्ध्या तासात मोकळा झालो असतो.

पुतण्या पायात चप्पल घालून आत गेला. पूजेला लागूनच गेला. आबांनी बघितलं. मीही बघितलं.

मी तिथूनच माघारी का फिरलो नाही? ओसरीत सुनंदा बसली होती म्हणून. जवळच्या वस्तीवरची पोरगी, त्याच संस्थेत बारावी झालेली. नर्सिंगला शेवटच्या फेरीत तिचा नंबर लागला होता. बीडला कॉलेजात शाळा सोडल्याचा मूळ दाखला भरायचा उद्या शेवटचा दिवस. आणि दाखला मशीनमध्ये. कॉम्प्युटर आल्यापासून संस्थेनं कागदावरचं रजिस्टर लिहायचंच सोडलेलं. तिच्या आईनं मला हात जोडले. “एवढं करा दादा.”

मग मी गिळलं. पोरीसाठी, असं मनाला सांगितलं.

पासवर्ड मी मोठ्यानं सांगितला. एकेक अक्षर. ओसरीत शिपाई होते, दोन मास्तर होते, सगळ्यांनी ऐकला. पासवर्ड कुणाला सांगू नका, हे गिऱ्हाइकांना मीच शिकवायचो. त्या दिवशी तोच पासवर्ड मी भाजीवाल्यागत ओरडत होतो.

मग डिस्कची तपासणी सुरू झाली. मशीन एकेका तुटलेल्या ठिकाणी थांबून विचारतं, हे पुसू का, हे जोडू का. बघून उत्तर द्यावं लागतं. मला स्क्रीन दिसत नव्हता. दिसत होती पुतण्याची पाठ.

“वाचून दाखवा,” मी म्हणालो. त्यानं दोन प्रश्न वाचले, अडखळत. तिसऱ्याला कंटाळला.

“लई इचारतंय बे हे,” म्हणाला, आणि ‘हो’चं बटन दाबत सुटला. टक, टक, टक.

‘थांबा’ म्हणायला मी तोंड उघडलं. निघालं ते ‘साहेब’. तेही हळू. पुतण्याला ऐकूच गेलं नाही. बटन वाजत राहिलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बायको रात्री भांडी लावते, कुठं ताटावर वाटी वाजते, आणि मी त्या उंबऱ्यावर उभा असतो.

मशीन चालू झालं. रजिस्टर उघडलं तर वर्षंच्या वर्षं गायब. सुनंदाचं वर्षही.

आबा उठले. ओसरीभर ऐकू जाईल असं बोलले. “तुमच्या हातात दिलं की असंच व्हनार.”

माझ्या हातात. ज्या हातानं त्या मशीनला बोटसुद्धा लावलं नव्हतं, त्या हातात. मी हाताकडं बघत उभा राहिलो. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती, वाटली मला. तेच मला आजही सहन होत नाही.

एसटीच्या थांब्यावर सुनंदा आणि तिची आई होत्या. मी लांब उभा राहिलो. पोरगी चालत माझ्यापाशी आली.

“तुमी आत कावून गेला न्हाई?”

“तुझ्या दाखल्यासाठीच गप बसलो, ताई.”

“मग कुठाय दाखला?”

एसटी आली, त्या मागं बसल्या, मी पुढं. तिच्या वस्तीच्या फाट्यावर त्या उतरल्या तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणजे आमचे मालक, बाहेर शिकून आलेले, गोड बोलणारे. म्हणाले, “आबांना माफीचं पत्र लिही. आणि उंबऱ्याचं मनाला लावून घेऊ नको. हे बघ, आपल्या सॉफ्टवेअरचा पाया फुकटच आहे, लिनक्स कुणीही घ्यावं. आपण विकतो तो सपोर्ट. म्हणजे तू. गिऱ्हाईक दुखवून चालत नाही.”

पत्र लिहायला बसलो. लिहिलं नाही. त्याऐवजी त्या फुकटच्या पायाबरोबर आलेल्या फायली उघडल्या, डिस्कबद्दलचं वाचायला. कंपनीनं मला शिकवलं नव्हतं ते सगळं तिथं लिहिलेलं होतं, कुणालाही वाचता येईल असं. ज्या फायलींचं नाव तुटतं त्या मशीन एका वेगळ्या कप्प्यात टाकतं. नाव नसतं, नुसता नंबर. पण आतलं शाबूत असू शकतं. आणि खाली यादी होती, हे सगळं लिहिणाऱ्यांची. देशोदेशीची माणसं. मी खालपर्यंत वाचली. त्यांनी लिहिलेलं मी वापरतोय, आणि गाव कोणतं, आडनाव काय, कुणी विचारलं नव्हतं. आमची कंपनी सॉफ्टवेअर ज्या डब्यातून विकायची, त्यावर त्यातलं एक नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कुणाला न विचारता तेलगावची एसटी धरली. आबा दारातच होते.

“कुठं बे?”

“मशीनपाशी.”

“तिथूनच सांग.”

“न्हाई,” मी म्हणालो. “तुमी दाबून काय झालं ते बघितलं. तुकडे कुठं पडलेत ते मला ठावं हाय. खुर्चीत बसून काढीन, न्हाईतर जातो माघारी.”

आबा काहीतरी बोलले, ते मी इथं लिहीत नाही. मी उंबरा ओलांडला. हार बाजूला केला. बसलो.

संध्याकाळपर्यंत नंबरवाल्या फायली एकेक उघडल्या. दोन वर्षं कायमची गेली होती. सुनंदाचं वर्ष सापडलं. दाखला छापला, शिक्का मारून घेतला आणि चालत तिच्या वस्तीवर गेलो. तारीख टळलेली मला माहीत होती. तरी गेलो.

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “कालच मुकादमाची गाडी आलती. गेली सगळी ऊसतोडीला. पोरगी बी गेली. हितं ऱ्हाऊन काय करल, म्हनली तिची आई.”

पुढच्या वर्षी दोनदा गेलो. दोन्ही वेळेला कुलूपच.

तो दाखला माझ्याकडं आहे. जातीच्या रकान्यासकट, शिक्क्यासकट. टेबलाच्या खणात, फोनच्या खाली. ती कंपनी मी सोडली. त्याच फुकटच्या पायावर आता स्वतःचं काम करतो. बरीच कामं फोनवरच होतात. फोनवर तोंड दिसत नाही, आडनावाशिवाय नुसतं नाव सांगून भागतं. तसं भागवायचं नाही, हे मी ठरवलंय.

फोन वाजला की आधी आडनाव सांगतो. पूर्ण, स्वच्छ. मग सांगतो, तुमच्याकडं आलो तर मशीनसमोर मी बसणार. काही लोक फोन ठेवून देतात. ठेवू देत. जे राहतात त्यांना विचारतो, काय बिघडलंय?