पोथीतला ताजा कागद

सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला की अजूनही मला एक पोथी आठवते. बेचाळीस सालच्या थंडीत मी जुन्या पोथ्या शोधत खालापूरकडच्या गावांतून पायी फिरत होतो. एका शेतकऱ्याने लाल फडक्यात बांधलेली पोथी दिली नि म्हणाला, "कर्जतला माज्या भावाला दावा, मंग तुमीच ठेवा." वाटेत चौक गावात पोलिसाने अडवलं. "गाठोड्यात काय हाय?" मी निर्धास्तपणे पारावर बसलो, गाठ सोडली, पोथीवरची लाकडी फळी उचलली, आणि तो वास आला. जुन्या पानांवर 'चले जाव' चळवळीचं बंदी असलेलं बातमीपत्र ठेवलेलं होतं. घाईने फळी परत ठेवायला गेलो तर पोलीस म्हणाला, "अवो, उघडलेली पोथी वाचल्याबिगर मिटू नये." त्याने बूट काढले, टोपी उतरवली आणि समोर हात जोडून बसला. मान जरा पुढे केली असती तर त्याला सगळं दिसलं असतं. मी बातमीवर बोट फिरवत पाठ असलेल्या ओव्या म्हणू लागलो. आवाज कापत होता. कपाळावरचा घाम मथळ्यावर पडला नि शाई फुटली. पाचव्या ओवीला मी फळी मिटली. "देवाच्या नावानं कसं भरून आलं तुमाला!" असं म्हणत त्याने फळीला डोकं टेकलं आणि मला सोडलं. पुढे पोथ्या सुटल्या, मी पत्रकारिता शिकवू लागलो. समोर आहे ते न घाबरता सांगा, असं मुलांना रोज बजावतो; पहिली बातमी माझ्या हाती आली तेव्हा तिच्यातलं एक अक्षर उच्चारायची माझी छाती झाली नव्हती, हे मात्र अजून सांगितलेलं नाही.