रेहानाबाईंची आठवण

वह्या तपासताना रेहानाबाईंचे ओठ सतत हलत असत. आवाज नाही, नुसते ओठ. कल्याणच्या मराठी शाळेत मी नवीन रुजू झाले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. न राहवून एकदा विचारलं, "बाई, मला काही म्हणालात का?"

"तुम्हाला नाही हो सावंतबाई," त्या हसल्या. "वरच्याशी चाललंय. तुम्ही चहा घ्या, गार होतोय."

त्या भूगोल शिकवायच्या. माहेर रत्नागिरीकडचं, सासर इथल्याच दूधनाक्याजवळ. कोकणचा किनारा फळ्यावर एका दमात काढायच्या आणि आपल्या गावाच्या जागी हळूच एक ठिपका द्यायच्या. परीक्षेत मुलंही तो ठिपका इमानाने देत.

एकदा एका नापास मुलाचे वडील तावातावाने खोलीत शिरले. आधी गुणांवरून बोलले, मग घसरले ते थेट बाईंच्या धर्मावर. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. बाई मात्र बसून होत्या, ओठ हलत होते. त्या वडिलांचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "मुलगा तुमचा हुशार आहे. मधल्या सुट्टीत माझ्याकडे पाठवत जा."

ते गृहस्थ गेले आणि बाईंनी पुढची वही उघडली.

"राग नाही आला तुम्हाला?" मी विचारलं.

"आला की! डस्टर फेकून मारणार होते. मग वरच्याचं नाव घेतलं. एका तोंडात दोन गोष्टी कशा मावणार?"

मी काही देवभोळी नाही. नुसतं नाव घेऊन काय होतं, असं मी त्यांना सरळच विचारलं. त्या रागावल्या नाहीत.

"आमच्यात झिक्र म्हणतात. झिक्र म्हणजे आठवण. आता बघा, तिकडे कोपरला घरी तुमची लेक तापाने पडलीय आणि तुम्ही इथे वर्गात आहात. शिकवणं थांबतं का? नाही. पण ती आत असतेच ना? तसं. नाव घेणं म्हणजे दाराची कडी वाजवणं. खरी गोष्ट, तो आहे याचं भान राहणं. ते राहिलं की दुसऱ्याला लागेल असं वागवत नाही." मग हळूच म्हणाल्या, "माझं राहतंच असं नाही हां. माझ्या जावेला विचारा!"

बाईंचा नवरा आधीच गेलेला, मुलगा इरफान एकुलता एक. कामावरून परतताना शीळफाट्याजवळ त्याच्या मोटरसायकलला टेम्पोने उडवलं. तो जागच्या जागी गेला.

शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. जपाची माळ खिळ्याला टांगलेली असायची. बाई भिंतीकडे बघत बसलेल्या. एकदा म्हणाल्या, "सावंतबाई, नाव येत नाही तोंडात. नमाजला उभी राहते, शब्द म्हणते, पण आत कोणी नाही. मी वरच्याला विसरले की तो मला, तेच कळत नाही."

मी उठून चहा केला.

अशाच एका दुपारी दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. उन्हातून चालत आलेली, पदर घामाने भिजलेला. "मी टेम्पोवाल्याची बायको," ती म्हणाली. "केस मागे घ्या म्हणायला नाही आले. माफी मागायला आलेय."

रेहानाबाईंची जाऊ ताडकन उठली. "आधी निघ इथून! कुठल्या तोंडाने आलीस गं?"

ती बाई वळली. तेवढ्यात रेहानाबाई उठल्या, माठापाशी गेल्या. पेला भरताना त्यांच्या तोंडून मोठ्याने निघालं, "बिस्मिल्ला." कुठलंही काम हाती घेताना त्या देवाचं नाव असंच घ्यायच्या. पण आज ते ऐकून त्या स्वतःच दचकल्या. पेला घेऊन त्या दारापर्यंत गेल्या. "बसा. आधी पाणी प्या."

ती गेल्यावर रेहानाबाई रडल्या. इरफान गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि खूप वेळ.

त्या शांत झाल्यावर मी विचारलं, "माफ केलंत?"

"नाही. ते अजून माझ्याच्याने होत नाही." त्यांनी डोळे पुसले. "पण ती तहानलेली आहे, हे दिसलं मला. इतके दिवस दुसऱ्या कुणाचं काही दिसतच नव्हतं. ते दिसलं म्हणून नाव आलं, की नाव आलं म्हणून दिसलं, अल्लाच जाणे."

पुढे त्या शाळेत परतल्या, निवृत्त झाल्या आणि गावी गेल्या. गेल्या रमजानमध्ये तिथेच वारल्या. माफ करणं त्यांना शेवटी जमलं का, हे मी कधी विचारलं नाही.

देवपूजा मी आजही फारशी करत नाही. पण कुणावर तोंड सोडायची वेळ आली, की आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघते. पुष्कळदा मग बोलायचं राहूनच जातं.