अनंतकाकांचं छत आणि हिरवं पाणी

वाकोल्याच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर अनंत परुळेकर राहतात आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. ही गोष्ट काकांनी आम्हाला कधी विसरू दिलेली नाही.

माणूस वाईट नाही हो. मूळचे देवगडकडचे, औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. कोणी आजारी पडलं तर रिक्षा आणायला पहिले तेच धावतात. पण गळती म्हटली की त्यांचं डोकं फिरतं. त्यालाही कारण आहे. आमच्या बाथरूमचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात उतरत होतं. काकू डाळीला फोडणी द्यायच्या आणि वरून थेंब पडून तेल तडतडायचं. शेवटी गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही बाथरूम उकरून नवं केलं, त्यांचं छत वाळलं आणि काकांनी त्याला पांढराशुभ्र रंग दिला. तेव्हापासून घरी कोणी आलं की चपला काढायच्या आधी त्याला वर बघावं लागतं. गॅस सिलिंडरवाल्यानेसुद्धा ते छत पाहिलं आहे आणि छान आहे म्हणून सांगितलं आहे.

अशा सुखाच्या दिवसांत माझ्या नवऱ्याने, यज्ञेशने, कॉम्प्युटरमध्ये पाणी भरायचं ठरवलं.

यज्ञेश टीव्ही मालिकांसाठी घरबसल्या आगी लावतो. आगी, धूर, वादळं, उडणारे घोडे. हे सगळं बनवताना त्याचा कॉम्प्युटर इतका तापतो की बेडरूममध्ये पापड वाळावेत, आणि नेमका घोडा जमीन सोडतो तेव्हा बंद पडतो. काम दोनदा उशिरा गेलं, तशी निर्मात्याने तंबी दिली की आता पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाईल. मग यज्ञेशने उपाय शोधला. एक छोटा पंप कॉम्प्युटरच्या आत नळ्यांमधून पाणी फिरवतो, ते पाणी चिपची उष्णता उचलून रेडिएटरकडे नेतं, तिथे गार होतं आणि परत येतं. मी म्हटलं, त्यापेक्षा एसी घेऊ. एसीत मीही बसले असते. पण माझं कोण ऐकतो.

एवढ्यावर थांबायचं, तर हा शहाणा जिन्यात काकांना कौतुकाने सांगून आला. काका त्याच संध्याकाळी वर आले आणि खुर्चीवर न बसता बोलले. काकांचा पारा चढला की मालवणी बाहेर येते.

"बेडरूमात पाणी? विजेच्या डब्यात? अरे मेल्या, पाणी कधी कोणाचा ऐकता काय?"

यज्ञेशने समजावलं की पाणी जेमतेम लिटरभर असतं. काका म्हणाले, त्यांच्याकडेही एकेक थेंबच यायचा. बराच वेळ वाद झाला आणि शेवटी तह झाला तो असा: सामान काकांच्या देखत निवडायचं, जोडून झाल्यावर खाली कागद पसरून दिवसभर पाणी फिरवायचं, आणि कागदावर एक थेंब जरी दिसला तरी कॉम्प्युटर घराबाहेर काढायचा. सोसायटीतलं कोणीही काकांच्या शब्दाबाहेर नाही, त्यामुळे यज्ञेश कबूल झाला. न होऊन सांगतो कोणाला?

लॅमिंग्टन रोडवरच्या किरणच्या कॉम्प्युटर-सामानाच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मी भांडण सोडवायला. यज्ञेशने महिनोन्महिने व्हिडिओ बघून सगळं मनात पक्कं केलं होतं. काचेसारख्या कडक नळ्या, काटकोनात वळवलेल्या, आत जांभळे दिवे. काकांनी त्यातली एक नळी हातात घेतली, चारी वळणं मोजली आणि खाली ठेवली.

"सांधे तितके वांधे," काका म्हणाले. "मऊ पाइप दाखवा."

किरणला वाटलं, काका या धंद्यातले मुरलेले आहेत. तो आदराने मऊ नळ्या काढू लागला. खरं म्हणजे काकांना त्यातलं काडीइतकं कळत नव्हतं. कुठली चिप, किती वेग, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. प्रत्येक वस्तू पुढे आली की ते एकच प्रश्न विचारत: ही गळली तर कुठून गळेल? किरण बिचारा आयुष्यभर वस्तू किती चांगल्या आहेत ते सांगत आला होता. त्या दिवशी त्याला प्रत्येक वस्तूची मरायची जागा दाखवावी लागली.

रेडिएटर निवडताना तर काकांनी कहर केला. तांब्याचा चांगला रेडिएटर होता, किंमतही ठीक होती. पण काकांना नुसत्या खात्रीवर विश्वास नव्हता. त्यांनी त्याच्या तोंडांना बुचं लावून घेतली, एका बुचातून हवा भरायची सोय करून घेतली आणि तो उचलून सरळ गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे नेला. पंक्चरवाल्याने शांतपणे स्कूटरची ट्यूब बाजूला ठेवली, पंप मारला आणि तो चकचकीत रेडिएटर काळ्या पाण्याच्या घमेल्यात बुडवला. यज्ञेशने डोळे मिटून घेतले. काका घमेल्यापाशी उकिडवे बसून बुडबुडा शोधत होते. बुडबुडा आला नाही. परत येताना काकांनी रेडिएटर स्वतःच्या रुमालाने पुसला आणि तो दुकानापर्यंत यज्ञेशच्या हाती दिला नाही.

शेवटी नळ्यांत कुठलं पाणी भरायचं ते ठरवायचं होतं. यज्ञेशला स्वच्छ, बिनरंगाचं हवं होतं, म्हणजे त्यावर जांभळे दिवे छान दिसतात. काका म्हणाले, अजिबात नाही. भडक हिरवं घ्यायचं. उद्या त्यांच्या छतावर डाग पडला तर तो कोणाचा, यावर चर्चा नको. यज्ञेशचा चेहरा पडला. त्याच्या स्वप्नातलं जांभळं यंत्र आता पोपटी होणार होतं. मला मात्र, खरं सांगते, त्या क्षणी काका फार आवडले.

रविवारी सकाळी यज्ञेशने सगळं जोडलं, हिरवं पाणी भरलं आणि फक्त पंप सुरू केला. प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिश्यू पेपर पसरला होता. काकांनी स्टूल टाकलं आणि बसले. मी पोहे दिले, ते त्यांनी कागदावरून नजर न हलवता खाल्ले. दुपारचा आमटी-भातही तिथेच झाला. पाणी फिरत होतं, कागद कोरडे होते. यज्ञेश हळूहळू शीळ घालायला लागला होता आणि काकांनीसुद्धा पंपाचं कौतुक केलं.

चारच्या सुमाराला कागदावर ओला ठिपका उमटला.

रंग बघायचं आम्हाला सुचलंच नाही. यज्ञेश मटकन पलंगावर बसला. त्याचं काम गेलं हे त्याला तिथेच दिसलं असावं, मलाही दिसलं. काका उठले. आता ते कॉम्प्युटर बाहेर काढा म्हणणार, याची मला खात्री होती. पण एवढी वर्षं गळती सोसलेला माणूस नुसतं बघून निकाल देत नाही. ते वाकले, ठिपक्यावर बोट टेकवलं, बोट चोळलं आणि हुंगलं.

"साबण," काका म्हणाले.

तेवढ्यात दुसरा थेंब त्यांच्या टकलावर पडला. आम्ही तिघांनी एकदमच वर पाहिलं. आमच्या बेडरूमच्या छतावर परातीएवढी ओल धरली होती आणि तिच्या मधोमध तिसरा थेंब तयार होत होता. वरच्या मजल्यावर मालनताईंचं वॉशिंग मशीन घरघरत होतं.

मी वर पळाले. मशीनचा पाइप निसटून मालनताईंच्या खोलीत तळं झालं होतं. त्यांना घेऊन खाली आले, तर माझ्या पलंगाशेजारी काका छत्री उघडून उभे. माझी फुलाफुलांची घडीची छत्री. ती त्यांनी दोन्ही हातांनी कॉम्प्युटरवर धरली होती आणि स्वतः मात्र भिजत होते. यज्ञेश त्यांच्या पायाशी बादली सरकवत होता.

मालनताईंनी आधी यंत्राकडे पाहिलं, नळ्यांतून फिरणारं पाणी पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या म्हणाल्या, अगं बाई, मी उगाच घाबरले, हे तर तुमच्या कॉम्प्युटरचंच गळतंय. इमारतीत सगळ्यांना हेच पटलं असतं. पाणी भरलेला कॉम्प्युटर असताना कोण वर बघतो?

काकांनी छत्री तसूभरही हलवली नाही. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, तरी आवाज सभेतला होता.

"मालनताई, आमचं पाणी हिरवं आहे," ते म्हणाले. "बघा, एक थेंब बाहेर नाही. हे तुमचं."

यज्ञेशने माझ्याकडे पाहिलं. काका 'आमचं' म्हणाले होते. मालनताई मशीन बंद करायला वर गेल्या आणि छत ठिबकायचं थांबेपर्यंत काका तसेच छत्री धरून उभे राहिले.