बाय टू बदामदूध

बदामदुधाचा वास आला की बंगळूरच्या चामराजपेटेतलं ते छोटं हॉटेल आठवतं. नातीला अर्धं म्हणजे काय ते शिकवायला मी एक दूध ‘बाय टू’, म्हणजे दोघांत वाटून, मागवलं. एक पूर्ण दूध जेमतेम मावेल असे दोन पेले आले. “हे अर्धं, तेही अर्धं. मिळून एक,” मी म्हणालो. तिनं पेले शेजारी धरून पाहिले आणि माझं दूध आपल्या पेल्यात ओतलं. पिवळं, कोमट दूध काठावरून टेबलभर पसरलं. “अज्जा, एकाहून जास्त झालं! कसं?” मालक हसले, “बाय टूला स्वल्प जास्तीच घालतो, सार.” मी मात्र ओशाळून तिलाच दटावलं आणि घरी सांगितलं, पोरीला अर्धं कळत नाही, नुसतं सांडते. त्यावरून सगळे तिला अजून चिडवतात. म्हणून आज लिहितो: ती दूध सांडत नव्हती, मी सांगितलेलं खरं आहे का, ते बघत होती.