अप्रभावी पिवळा

टेलरमास्तरांना एका जागी बसणं म्हणजे शिक्षा. पाय मशीनवर, ओठांत टाचण्या आणि डोळे गॅलरीतल्या टोमॅटोंवर. पिवळा टोमॅटो बायकोच्या माहेरचा. गोड, पण पाणी जरा जास्त झालं की तडकणारा. मास्तरांनी त्याच्या फुलाला जाड सालीच्या लाल टोमॅटोचा पराग लावला. गोड, पिवळा आणि न तडकणारा टोमॅटो त्यांना हवा होता. या नादात पिवळ्याचं मूळ झाड वाळलं, जपलेलं बी उंदरांनी फस्त केलं आणि संकराची झाडं फळली ती एकजात लाल.

पुस्तक उघडलं. ‘लाल रंग प्रभावी, पिवळा अप्रभावी.’ औषध लागू पडलं नाही की डॉक्टर म्हणतात तो शब्द. पुढचं पान उलटायला धीर कुठला? झाडं उपटली, फळं वाटून टाकली.

“माझा पिवळा?” बायकोनं विचारलं.

“अप्रभावी निघाला.”

“तो, की तुम्ही?”

शाळेत विज्ञान शिकवणारी लेक आली आणि कपाळाला हात लावून बसली. “बाबा, अप्रभावी म्हणजे कुचकामी नव्हे. आई आणि आत्या एका खोलीत असल्या की कुणाचं ऐकू येतं?”

“ताईचं.”

“म्हणून आई मुकी आहे?”

“छे, छे.” मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहून घेतलं.

“तसंच हे. लालपुढे पिवळा दबून राहतो, पण असतो आतच. याच फळांचं बी पेरलं, तर साधारण चारांतल्या एका रोपात नर-मादी दोन्हीकडून पिवळाच येईल. मग बोलेल की तो. फळं कुठायत?”

मास्तर अनवाणीच सुटले. समोरच्यांनी खाल्ली होती, वरच्यांनी शिजवली होती. खालच्या मजल्यावर ताईच्या तोंडात शेवटच्या टोमॅटोचा घास होता.

“ताई, गिळू नकोस. थुंक.”

“दिलेलं परत मागतोस? लाज आहे का?” ताई कडाडली, पण मास्तरांनी पसरलेल्या तळहातावर थुंकलीच.

आता त्या बिया अस्तराच्या तुकड्यावर वाळताहेत. मास्तर एक शिवण मारतात, उठतात, तुकडा हलवून बघतात.

“पिवळा आला तरी साल जाड असेल ना गं?” त्यांनी लेकीला फोन करून विचारलं.

“त्याच रोपात दोन्ही येतीलच असं नाही. पुष्कळ रोपं लावा.”

“अहो, बसा आता,” बायको म्हणाली.

“बसतो,” म्हणत मास्तर कुंड्या आणायला निघाले.