ढकललं की थांबतं

मला कुणी “हे असं कर” म्हणालं की माझं डोकं फिरतं. लहानपणापासूनची खोड आहे. वडिलांनी जळक्या मोटारींत नवी तार भरायला शिकवलं तेव्हाही त्यांच्या निम्म्या सूचना मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या. ते गेल्यावर भिवंडीतलं त्यांचं रिवायंडिंगचं दुकान मी एकटीने चालवलं, तेही हट्टानेच. “बाईमाणूस लूमच्या मोटारी काय भरणार,” असं म्हणणारे यंत्रमागवाले पुढे जळक्या मोटारी खांद्यावर घेऊन माझ्याच दारात आले. त्यामुळे मी आणखीच चढून गेले.

दादा माझा थोरला भाऊ. पंचवीस वर्षं लूमवर काढलेला. कापसाची भुकटी त्याच्या छातीत इतकी साचली होती की टेमघरच्या घरून कारखान्यापर्यंत सायकलने जाताना तो तीन वेळा उतरायचा आणि सायकलला धरून धापा टाकत उभा राहायचा. डॉक्टर म्हणाले, पायडल मारणं बंद. शेठ म्हणाला, आठला लूमवर दिसला नाहीस तर तुझे चार लूम दुसऱ्याला. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं, मरण दादाचं होतं. त्याला दुसरं काम येत नव्हतं आणि घर त्याच्यावर चालत होतं.

तेव्हा विजेच्या सायकली आमच्याकडे कुणी पाहिल्या नव्हत्या. मानकोलीच्या एका गोदामातला टाकाऊ माल आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे यायचा. त्यात एकदा हौशी लोक उडवतात त्या खेळातल्या विमानाचं खोकं आलं. पंखांचा चुरा झालेला, पण मोटार, तिचा कंट्रोलर आणि रिमोट धड होता. मोटार मुठीएवढी. लूमच्या मोटारीत आतला गाभा फिरतो. हिचं बाहेरचं डबडंच फिरायचं. पहिल्यांदा चालू केली तेव्हा अशी किंचाळली की शेजारचा चहावाला धावत आला. वेग भयानक आणि जोर म्हणाल तर बोटाने अडेल इतका. विमानाला तसंच लागतं. सायकलला उलटं हवं.

वेढे वाढवले की वेग उतरतो, हे तर माझं बाळकडू. मी आतली जाड तार उपसली आणि बारीक तारेचे दुपटीहून जास्त वेढे बसवले. खाचा इतक्या चिंचोळ्या की बांबूच्या काडीने एकेक वेढा दाबावा लागला. वेग आणखी उतरावा म्हणून तारांची डेल्टा जोडणी सोडून स्टार केली. वॉर्निश पाजलं. दोनदा मोटार जळली, तिसऱ्यांदा टिकली. शाफ्टवर छोटा रोलर चढवून तो मागच्या टायरला टेकवला आणि कॅरिअरवर यूपीएसच्या दोन बॅटऱ्या बांधल्या. रिमोटची वेगाची दांडी काढून हँडलवर उजव्या हाताशी बसवली आणि रिमोटचा डबा तारेने जोडून हँडलखाली बांधला. ही दांडी सोडली तरी आपोआप मागे येत नाही, जिथे ठेवाल तिथेच राहते. पुढे ढकलली की वेग, मागे ओढली की बंद.

दादा पहिल्यांदा बसला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला तेव्हा त्याला धाप लागली नव्हती. त्याचा चेहरा बघून मला रडू आलं. पण उतरता उतरता तो म्हणाला, “बाय, ही दांडी उलटी हाय. लूमचं हँडल ढकललं की लूम थांबतो. माझ्या हाताला तीच सवय हाय. तेवढं उलटं करून दे ना.”

पंधरा दिवस मी त्या मोटारीशी झगडत होते आणि याला दांडी उलटी दिसली! मी म्हटलं, “ही लूम न्हाय. लोक विमानं चालवतात या दांडीवर. थोडं डोकं वापर, शीक.”

तो शिकला. आठ दिवस वेळेवर कारखान्यात पोचला. रात्री जेवताना हात ताटावरच मागे ओढून बघायचा, सवय व्हावी म्हणून. मी हसायचे.

नवव्या दिवशी सकाळी, कारखान्याच्या अलीकडच्या गल्लीतून सुताचे बीम लादलेली हातगाडी उलटी बाहेर आली. सूत गुंडाळलेला बीम म्हणजे माणसाएवढा लांब लोखंडी रूळ, त्याच्या दोन्ही टोकांना मोठ्या चकत्या. दादा त्या चकतीवर आदळला. उजवा हात हँडल आणि चकतीच्या मध्ये सापडला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “मी थांबवली बाय. गाडी दिसली तशी लगेच थांबवली. तरी ती पुढंच गेली.”

सगळे म्हणाले, भंगारातली मोटार, बिघडली असणार. मी एका क्षणात ओळखलं होतं. घाबरल्यावर त्याच्या हाताने पंचवीस वर्षं जे केलं तेच केलं होतं. पण मी गप्प राहिले. मोटारीवर आळ घेऊ दिला. इतकी भेकड मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

हात वाचला, पण तीन बोटं मिटेनात. लूमवर तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी लागते. ती त्या हाताने होणं शक्य नव्हतं. शेठने आठवडाभर वाट पाहिली आणि चारही लूम दुसऱ्याला दिले.

महिन्याभराने सायकल मोडीत काढायची म्हणून मी ती अंगणात उलटी करून ठेवली. हँडलखालचा रिमोटचा डबा उघडला. एका कडेला नखाएवढं बटण होतं. ते पहिल्या दिवसापासून मला दिसलं होतं, कशाचं आहे हे बघायची तसदी मी घेतली नव्हती. नखाने सरकवलं. दांडी मागे ओढली तर चाक गरगरलं. पुढे ढकलली, थांबलं.

मान वर केली तर दादा दारात उभा होता. तो पुढे आला. डाव्या हाताने दांडी ओढली, चाक फिरू दिलं, मग ढकलली. चाक थांबलं.

“उलटं केलंस?”

“हो. मोटार बिघडली नव्हती दादा. तू ढकललीस, म्हणून ती पळाली.”

तो चाकाकडे बघत म्हणाला, “किती वेळ लागला उलटं करायला?”

खोटं बोलायला जीभ वळवळत होती. “काहीच नाही,” मी म्हटलं. “हे बटण सरकवलं फक्त.”

वाटलं, थोबाडीत मारील. मारली असती तर बरं झालं असतं. तो जमिनीवर बसला, दांडी ओढून चाक फिरवलं आणि ढकलून थांबवलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबवलं. बॅटरी उतरेपर्यंत तो तेच करत राहिला आणि मी त्याच्यासमोर उभी होते.