वासाची साक्ष

श्रीवीरेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून आणि हातून अधिकउणे न लिहिले जावे एवढेच मागून लिहावयास बसतो. निमित्त असे की, मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल एका पुढाऱ्यावर खटला भरल्याची बातमी काल वाचनालयात मोठ्याने वाचली गेली आणि एकाने मला विचारले, "गुरुजी, मोठ्या माणसाला शिक्षा होते का हो?" त्याचे उत्तर लांबले असते, म्हणून ते येथे देतो.

पोलादपुरात मी पौरोहित्य करीत असे. नव्वदचे दशक सरत आले होते. एके दुपारी वास्तुशांत आटोपून घाटरस्त्याने परतत असता वळणावर तालुक्यातील एका पुढाऱ्याची जीप आडवी उभी दिसली. ते स्वतःच ती चालवत होते. कडेला धनगरवाड्यावरचा एक म्हशी राखणारा मोडलेला पाय धरून बसला होता. हवालदार मला पाहून म्हणाले, "गुरुजी, पंच व्हा. तुमच्या सहीवर कोण बोट ठेवणार?"

पुढारी नमस्कारासाठी वाकले, तेव्हा त्यांच्या तोंडाचा मद्याचा वास मला आला. पंचनाम्यात तो नोंदवला गेला. जखमी माणूस कडेनेच चालत होता, हे चाकांच्या खुणांवरून दिसले, तेही लिहिले. त्याचे मागणे तेवढेच होते. "मी मधे चाललो व्हतो असा लिवू नका, गुरुजी. म्हशी कडंला, मी पन कडंला."

मी जन्मात मद्याला शिवलो नाही. तरी तो वास मी ओळखला, कारण माझ्या धाकट्या भावामुळे तो सात वर्षे आमच्या घरात वसला होता. भाऊ त्यातच गेला. गावाला आम्ही कावीळ सांगितली. माझी पत्नी आधीच निवर्तली होती. घरात मी, भावजय आणि तिची मुलगी. ती कावीळ आम्ही तिघांनी सोवळ्यासारखी जपली.

खटला उभा राहायला चार वर्षे लागली. एस. टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत त्याचीच चर्चा असे.

"आपला टेम्पोवाला पिऊन सापडला, तर आठ दिवसांत निकाल. ह्यांचा अजून चाललाय."

"अरे, कायद्याला पन घाट चढताना धाप लागते. माणूस बघून लागते."

सारे हसत. मग त्यांतलेच दोघे माझ्या ओटीवर आले. एकजण अदबीने म्हणाला, "गुरुजी, आमच्या वाडीला रस्ता त्यांनीच दिला. आठवत नाय म्हना. तुमच्या वयाला ता शोभून दिसेल."

समन्स आले, त्या दिवशी भावजयीने ते वाचून खाली ठेवले. "दादा, वकील विचारतील, वास कसा ओळखलात. काय सांगणार?"

"विचारले, तर खरे सांगावे लागेल."

"मुलीचं स्थळ बघायचंय," एवढे म्हणून ती आत गेली.

महाडच्या न्यायालयात पुढाऱ्यांच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला. "गुरुजी, आपण कधी मद्य घेतलेत?"

"नाही."

"मग तो वास मद्याचाच, हे कशावरून?"

मी म्हणालो, "माझा धाकटा भाऊ दारूने गेला. त्याला उचलून अंथरुणावर निजवणारा मीच होतो. तो वास मला चुकणार नाही."

वकील खाली बसले. बाहेर व्हरांड्यात पुढारी नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर राग नाही. तुम्ही आला नसतात, तरी मी सुटणारच होतो."

मी घरी पोचण्याआधी माझे शब्द तेथे पोचले होते. भावजयीने पान वाढले. मी जेवेपर्यंत ती उभी राहिली, मग म्हणाली, "तुम्ही खरं बोललात, दादा. पण ते सांगणं माझं होतं." चार दिवसांनी ती मुलीला घेऊन बिरवाडीला भावाकडे गेली. मी दोनदा गेलो. चहा मिळाला, परत येण्याविषयी शब्द निघाला नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका टपालाने आली.

निकाल लागला तो असा : रक्त तपासणीसाठी उशिरा घेतले गेले, म्हणून मद्याच्या आरोपातून संशयाचा फायदा. निष्काळजीपणाबद्दल दंड. टपरीत कोणालाच नवल वाटले नाही. "बघा," म्हणाले, "उगाच घर मोडलंत."

म्हशीवाला मात्र काठी टेकत दूध घेऊन आला. "कोर्टान् सांगितला, मी कडंला व्हतो म्हनून," तो म्हणाला. तो तृप्त होता. मी त्याला बसवून घेतले. त्याच्याच दुधाचा चहा करून दोघांनी घेतला.

तेव्हा वाचनालयातील त्या गृहस्थांना माझे उत्तर असे : शिक्षा होते, पण ती कोणाच्या दारी जाईल हे सांगता येत नाही. खोटे बोललो असतो, तर त्या गरिबाचे कडेने चालणेही खोटे ठरले असते. म्हणून साक्षीचा पश्चात्ताप नाही. भावजयीला आधी विचारले नाही, त्याचा आहे. संध्याकाळी स्तोत्र म्हणताना अखेरच्या ओळीला साथ देणारा तिचा स्वर आता या घरात नाही.

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य आणि अन्न अक्षय राहो. आपल्यापैकी कोणावर सत्य बोलण्याची पाळी आली, तर बोलून घरी येईपर्यंत त्याची वाट पाहणारे कोणी असो, आणि ते नंतरही तेथेच राहो. शुभं भवतु.